वर्तुळाला चालायला शिकवताना

इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेस बसलेल्या कोणाही मराठी माणसास संकल्पचित्राचा तो कागद आठवत असेल : कंपासाने आखलेले वर्तुळ किंवा चौरस, त्याच्या पोटात फुलापानांची अथवा भौमितिक आकारांची मांडणी, पोस्टर रंगांच्या बाटल्या, पाण्याचा गढुळलेला डबा, आणि पाठीमागून फिरत येऊन क्षणभर थबकणारे ड्रॉइंगचे मास्तर. आमचे मास्तर मितभाषी होते. "तोल नाही," एवढेच म्हणून ते पुढच्या बाकाकडे वळत. आणि तोल नाही म्हणजे नेमके काय नाही, तो कोठे सांडला, कोणता आकार किती सरकवला असता परत हाती लागेल, ह्याचा उलगडा न झाल्यामुळे मी अंदाजाने कोपऱ्यात आणखी एक पान काढीत असे. ऐक्य, लय, तोल, विरोध, प्रमाण, उत्सर्ग, संवाद ही तत्त्वांची नामावळी आम्हांला मुखोद्गत होती. परंतु नाव मुखोद्गत असणे आणि ते तत्त्व डोळ्यांना जाणवणे ह्यांत जे अंतर आहे ते काटण्यास मला पुढची कित्येक वर्षे लागली, आणि ते काटता आले ते कागदावर नव्हे, तर संगणकाच्या पडद्यावर एका साध्या वर्तुळाला चालायला शिकवताना.

आकारांना असे चालवण्याच्या कलेचे मोशन ग्राफिक्स हे नाव ज्यांना अपरिचित आहे त्यांनाही ती वस्तू परिचित आहेच. चित्रपटाच्या आरंभीची सरकती नामावली, निवडणुकीच्या निकालादिवशी वृत्तवाहिनीवर चढत जाणारे आकड्यांचे स्तंभ, मोबाइलवरून पैसे पोचते झाल्याबरोबर उमटणारी हिरवी खूण, ही सारी त्याच कुळातली. व्यंगपटात पात्र असते, त्याला हातपाय, चेहरा आणि स्वभाव असतो. येथे मात्र रेषा, आकार, रंग आणि अक्षरे एवढ्यांनीच चालायचे असते. जॉन व्हिटनी ह्या अमेरिकन कलावंताने १९६० साली आपल्या कंपनीस हेच नाव दिले; त्यापूर्वी दोनच वर्षे 'व्हर्टिगो' ह्या चित्रपटाच्या नामावलीत गरगरणाऱ्या सर्पिलाकृती त्याच्याच यंत्रातून निघाल्या होत्या. त्या काळी यंत्र ज्याच्या घरी त्याचीच ही विद्या होती. १९९३ साली आफ्टर इफेक्ट्स हे संगणकीय साधन आले, पुढे ब्लेंडरसारखे विनामूल्य साधनही उपलब्ध झाले, आणि आज तालुक्याच्या गावातील विद्यार्थीही रात्री जागून ही विद्या शिकू शकतो. ही मला फार मोलाची गोष्ट वाटते, आणि म्हणूनच ती शिकण्याची जी रीत रूढ होत चालली आहे तिच्याविषयी दोन शब्द आग्रहाने सांगावेसे वाटतात.

रूढ रीत अशी की, विद्यार्थी प्रथम साधनाची बटणे शिकतो, मग तयार साचे उतरवून घेतो, त्यांत धूर, चकाकी आणि ठिणग्या भरतो, आणि सहा महिन्यांनी त्याच्याजवळ पुष्कळ हालचाल साठते, परंतु त्यांतली एकही हालचाल अशी का आहे, निराळी का नाही, ह्याचा जबाब त्याला देता येत नाही. ह्यावर माझी तजवीज साधी आहे. दोन आकार घ्यावेत, दोन रंग घ्यावेत, पाच सेकंदांची मुदत घ्यावी, आणि संकल्पनाचे एकच तत्त्व त्या मुदतीत हालचालीने दाखवावे. आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या हिशेबाने सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एकूण १२५ चित्रे. धूर नाही, चकाकी नाही, पार्श्वसंगीतही नाही. स्थिर चित्रात तत्त्व आपल्यापुढे येते ते निकालपत्रासारखे, सारी सुनावणी आटोपल्यावर. हालचालीत मात्र संपूर्ण खटला डोळ्यांसमोर चालतो, कोणत्या फ्रेमला तोल गेला आणि कोणत्या फ्रेमला तो सावरला हे बोट ठेवून दाखवता येते, आणि शिकणाऱ्याला निकालाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, गरज त्या सुनावणीची असते.

पहिला पाठ लयीचा घ्यावा, कारण त्यावाचून पुढचे सारे पाठ लंगडे पडतात. वर्तुळ पडद्याच्या डाव्या अंगाला ठेवून एक कीफ्रेम, म्हणजे त्या क्षणीच्या जागेची नोंद, द्यावी, एका सेकंदानंतर ते १००० पिक्सेल उजवीकडे नेऊन दुसरी द्यावी. मधला प्रवास संगणक आपणहून भरतो, आणि तो भरतो कारकुनी इमानाने, म्हणजे दर फ्रेमला बरोबर ४० पिक्सेल. हिशेबात तिळमात्र चूक नसते, आणि तरीही ते वर्तुळ मेलेले दिसते. का, हे समजण्यासाठी ओटीवरच्या झोपाळ्याकडे पाहावे. झोपाळा दोन्ही टोकांना जवळजवळ थांबतो, मध्यावर सर्वांत वेगवान असतो. त्याच्या प्रवासाची सारख्या वेळाने चित्रे टिपली तर टोकांशी ती एकमेकांना खेटून येतील आणि मध्यावर विरळ होतील. वरून सोडलेल्या चेंडूचे गणित ह्याहून निराळे : सारख्या कालखंडांत तो १, ३, ५, ७ अशा पटींनी अंतर कापतो, हे गॅलिलिओने दाखवून दिलेलेच आहे. तेव्हा कागदावर सोळा घरे आखून, पहिल्या खंडात एक, दुसऱ्यात तीन, मग पाच आणि मग सात घरे उतरणारे वर्तुळ काढावे, आणि तेच पडद्यावर चालवून पाहावे. त्या क्षणी वर्तुळाला वजन येते. त्याच्या रंगरूपात यत्किंचितही बदल केलेला नसतो. बदललेली असते ती केवळ दोन चित्रांमधली जागा. साधनात ह्याला इझिंग म्हणतात आणि त्यासाठी तयार बटणही असते; परंतु ते दाबण्यापूर्वी निदान दहा वेळा तरी ही अंतरे हाताने मांडावीत असे माझे प्रांजळ मत आहे. ठेका हाताने धरल्यावाचून कोणी तबला शिकला आहे काय?

ही फ्रेम मोजण्याची शिस्त आपल्या भूमीला परकी नाही, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' काढण्यापूर्वी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा चित्रपट करीत होते. आणि पुढे 'आगकाड्यांची मौज'मध्ये त्यांनी काड्यांनाच पात्रे केले. सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या त्या गृहस्थाने हाताशी असलेली अत्यंत सामान्य वस्तू घेऊन तिला काळात मांडले, आणि माझ्या वर्तुळ-चौरसांच्या तजविजीला ह्याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

लयीमागून तोल. पडद्याच्या मध्यावर एक अदृश्य टेकू आहे असे समजावे. डावीकडे मोठे काळे वर्तुळ टेकूपासून १०० पिक्सेलवर, उजवीकडे लहान वर्तुळ ३०० पिक्सेलवर. मोठ्याचे दृश्य वजन लहानाच्या तिप्पट धरले तर पारडी सारखी होतात. आता मोठे वर्तुळ ५० पिक्सेल आत घ्यावे आणि त्याच वेळी लहान १५० पिक्सेल आत यावे. डोळा निश्चिंत राहतो. मग मुद्दाम लहानाला ५० पिक्सेलच येऊ द्यावे. कितव्या फ्रेमला आपल्याला अस्वस्थ वाटू लागले हे टिपून ठेवावे, कारण ती अस्वस्थता हीच मास्तरांच्या त्या दोन शब्दांची व्याख्या होय. त्यानंतर लहान वर्तुळाला लाल रंग द्यावा, आणि पाहावे की सारा हिशेब पुन्हा बिघडला, लाल झाल्याबरोबर ते जड झाले आणि त्याला टेकूच्या अधिक जवळ आणावे लागते. मला हे प्रथम दिसले तेव्हा शाळेतला तो कागद पुन्हा हाती घ्यावा अशी विलक्षण ओढ लागली. कोपऱ्यातल्या त्या जादा पानाची तेथे गरजच नव्हती, एक फूल थोडे आत सरकले असते तर काम झाले असते.

काही तत्त्वे अशी आहेत की, ती कागदावर कधी प्रकट होतच नाहीत. पडद्यावर वीस ठिपके वाटेल तसे विखरून टाकावेत. त्यांत कसलाही गट दिसणार नाही. मग त्यांतील पाच ठिपके एकाच दिशेने, एकाच वेगाने हलवावेत, आणि ते एकमेकांपासून कितीही लांब असोत, तत्क्षणी ते एका कुटुंबातले होतात. ते थांबले की कुटुंब नाहीसे. पानांच्या गर्दीत पान होऊन बसलेला नाकतोडा चालू लागेपर्यंत दिसत नाही, आणि चालू लागला की त्याचे सर्व अवयव एकदम एका देहाचे होतात, त्याचे कारण हेच. माक्स व्हेर्टहाइमर ह्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली दृष्टी वस्तूंचे गट कशी पाडते ह्याचे जे नियम मांडले त्यांत हाही एक होता. ह्याच्या पुढची मजल १९४४ मधल्या एका प्रयोगाची आहे. फ्रिट्झ हायडर आणि मेरिॲन सिमेल ह्यांनी एक लहानसा चित्रपट केला. त्यात एक मोठा त्रिकोण, एक लहान त्रिकोण, एक लहान वर्तुळ आणि दारासारखी उघडझाप होणारा एक आयत, ह्यापलीकडे काही नव्हते. काय पाहिले ते लिहा, असे चौतीस प्रेक्षकांना सांगितले, तेव्हा केवळ एकाने त्रिकोण आणि वर्तुळ अशा भूमितीच्या भाषेत उत्तर दिले. बाकी सर्वांनी सजीवांची हकिकत लिहिली, दांडगाई, पाठलाग आणि सुटका ह्यांनी भरलेली. शिकणाऱ्याने ह्यातून ध्यानात घ्यावयाचे ते हे की, आपण आकार हलवला की पाहणारा त्याला हेतू चिकटवतोच. एका चौरसाने दुसऱ्याला स्पर्श केला आणि दुसरा लगेच हलला तर तो धक्का होतो. अर्ध्या सेकंदाने हलला तर तो स्वतः विचार करून निघाल्यासारखा दिसतो. बारा-तेरा फ्रेमांचा हा फरक आहे, आणि त्यात यंत्र आणि जीव एवढे अंतर आहे.

दिशेचा पाठ घेताना मी नॉर्मन मॅक्लॅरन ह्यांच्याकडे जातो. हे स्कॉटलंडमध्ये जन्मलेले, कॅनडाच्या राष्ट्रीय फिल्म मंडळात आयुष्य वेचलेले कलावंत १९५३ साली युनेस्कोच्या कामानिमित्त भारतातही येऊन गेले होते. त्यांनी आणि एव्हलिन लॅम्बर्ट ह्यांनी १९६० साली 'लाइन्स व्हर्टिकल' केला : फिल्मवरच प्रत्यक्ष कोरलेली एक उभी रेघ, ती डावीउजवीकडे सरकते, तिच्यातून दुसरी निघते, तिसरी निघते, त्या जवळ येतात, दूर जातात, आणि मागचा रंग हळूहळू पालटत राहतो. दोन वर्षांनी त्यांनी तीच रेघांची हालचाल नव्वद अंशांत वळवून 'लाइन्स होरायझंटल' केला. आराखडा तोच, अंतरे तीच, लय तीच. आणि तरीही दुसरा चित्रपट पहिल्याहून निराळा वाटतो, कारण उभ्या रेघा खांबांसारख्या आपल्यासमोर ठाकतात, तर आडवी रेघ दिसताक्षणी क्षितिज होते, तिच्या वर आभाळ आणि खाली पाणी येते, आणि तिचे खाली येणे हे उतरणे किंवा बुडणे होते. १९६५ साली ह्या दोन्ही चित्रपटांना एकमेकांवर ठेवून, रेघा जेथे छेदतात ते बिंदू तेवढे राखून, त्यांनी 'मोझाइक' निर्माण केला. एका रेघेवर पाच वर्षे, तीन चित्रपट. शिकणाऱ्याने आपले कोणतेही पाच सेकंदांचे काम नव्वद अंशांत वळवून पाहावे. ते काम आपल्याला खरोखर ठाऊक होते की नव्हते हे तेथे उघड होते.

विरोध आणि उत्सर्ग, म्हणजे एका घटकाचे प्राधान्य, ह्यांना फार वेळ लागत नाही : शंभर हलणाऱ्या ठिपक्यांत एक स्थिर ठेवला तर तोच डोळ्यांत भरतो, ह्या एका प्रयोगात दोन्ही कळतात. प्रमाणासाठी चार्ल्स आणि रे ईम्स ह्यांचा १९७७ चा 'पॉवर्स ऑफ टेन' हा चित्रपट पाहावा; शिकागोतल्या हिरवळीवर निजलेल्या माणसापासून दृष्टी दर दहा सेकंदांनी दसपट दूर जाते आणि माणूस, शहर, पृथ्वी एकामागून एक बिंदू होत जातात. ह्याच दांपत्याने १९५८ साली भारत सरकारला जो अहवाल दिला त्याच्या पाठीवर १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली, आणि दूरदर्शनचे ते बोधचिन्ह त्याच संस्थेतल्या देवाशीष भट्टाचार्य ह्या विद्यार्थ्याच्या हातचे. मध्यवर्ती गोलाभोवती फिरत फिरत येणाऱ्या दोन वक्राकृती अखेर डोळ्याच्या आकारात स्थिरावताना एका पिढीने रोज पाहिल्या आहेत, आणि समतोल म्हणजे काय हे ती कळत नकळत तेथे शिकली आहे.

राहिली रिकामी जागा. कागदावर ती कोरी ठेवलेली जागा असते. काळात तिचे रूपांतर विरामात होते, आणि नवशिक्याला सर्वांत अवघड जाते ते हेच, कारण काही न हलणे म्हणजे आपण काही न करणे असे त्याला वाटते. सॉल बास ह्यांनी १९५५ साली 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' ह्या चित्रपटासाठी केलेली नामावली ह्या दृष्टीने पुनःपुन्हा पाहण्यासारखी आहे. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या पट्ट्या येतात, थांबतात, नावे येतात, पट्ट्या जागा बदलतात, पुन्हा थांबतात. आणि अखेरीस त्या पट्ट्यांतूनच मादक द्रव्याने ग्रासलेल्या नायकाचा तो वेडावाकडा हात घडतो. प्रत्येक थांब्याला नाव वाचण्याची मुभा मिळते, आणि पुढे काय येणार ही हुरहुरही तेथेच उत्पन्न होते.

शेवटचा पाठ ऐक्याचा, आणि तो मी देवनागरीतच घेतो. अक्षरे एकेक करून आणण्याची जी सोय ह्या साधनांत असते ती रोमन लिपीच्या सुट्या अक्षरांवर बेतलेली आहे. आपल्याकडे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते आणि नंतर उच्चारली जाते, जोडाक्षरे एकमेकांत गुंतलेली असतात, आणि ह्या सर्वांच्या माथ्यावरून शिरोरेखा जाते. बेसावधपणे ती सोय वापरली तर वेलांटी एकीकडून आणि अक्षर दुसरीकडून येते आणि 'स्त्री'सारख्या शब्दाची तर पार मोडतोड होते. म्हणून 'किरण' हा शब्द घ्यावा, त्याचे आकारांत रूपांतर करून शिरोरेखा हाताने वेगळी कापावी, 'कि', 'र' आणि 'ण' हे तीन सबंध घटक मानावेत. हे तीन आकार तीन दिशांनी, प्रत्येक आपल्या वजनाप्रमाणे, ६० फ्रेमपर्यंत आपापल्या जागी यावेत. डोक्यावर रेघ नसलेली ती अक्षरे २० फ्रेम तशीच उभी राहू द्यावीत. मग, पाटीवर शिकलो होतो त्याप्रमाणे, डावीकडून उजवीकडे १२ फ्रेमांत शिरोरेखा ओढावी, आरंभी सावकाश, मध्ये झपाट्याने आणि 'ण'च्या काठाशी पुन्हा सावकाश. उरलेल्या ३३ फ्रेम कशालाही हात लावायचा नाही.