जखम कोण भरते?

गवत कापताना विळा बोटाला लागतो. भळाभळा रक्त येते. पुढे काही दिवसांनी पाहावे, तर जखम भरलेली असते. ती कोणी भरली? मलमाने? नाही. मलम फार तर जखमेची राखण करते. जखम भरते ती आपले शरीरच.

कशी, ते पाहू. आपल्या रक्तात फार बारीक कण असतात. डॉक्टर त्यांना प्लेटलेट म्हणतात. कातडी तुटली की हे कण तिथे गोळा होतात, एकमेकांना चिकटतात. रक्त थांबते. मग ते काही द्रव्ये सोडतात. ही द्रव्ये म्हणजे जणू गावातली दवंडी! दवंडी ऐकून रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावतात. त्या घाण व जंतू खाऊन टाकतात. मग नव्या पेशी वाढतात. आतून लाल मांस भरत येते. वरून कातडी धरते.

या द्रव्यांना वाढीची द्रव्ये म्हणतात. अमेरिकेत स्टॅन्ली कोहेन यांना असे एक द्रव्य उंदराच्या लाळेच्या ग्रंथीत सापडले. ते टोचले, तर उंदराच्या पिलांचे डोळे लवकर उघडले! १९८६ साली कोहेन आणि रिटा लेव्ही-मोंटाल्चिनी या बाई, दोघांना या शोधांसाठी नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणून कोणी जखमेला थुंकी लावू नये हो! तोंडात जंतूही असतात.

मग आपण काय करावे?

जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवा. धुतलेले फडके दाबून धरा. शेण, माती, तंबाखू लावू नका. शेणामातीत धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वाताने माणूस दगावतो. दवाखान्यात जाऊन धनुर्वाताच्या सुईचे विचारा.

डाळीने पू होतो, असे कोणी सांगतील. ते खरे नाही. पू जंतूंमुळे होतो. नवे मांस घडायला डाळ, उसळ, दूध, अंडी, मासे हवेत. आवळा, पेरू, लिंबूही खा. झोप पुरी घ्या. विडी-तंबाखू सोडा. तिने रक्ताच्या नळ्या आखडतात, आणि जखमेला रक्त कमी पोचते.

साखरेचा आजार असेल, तर फार जपा. पायाला काटा लागला तरी कळत नाही. जखम चिघळते. वेळेवर इलाज झाला नाही, तर पाय कापावा लागतो. म्हणून रोज रात्री दिव्यापाशी बसून तळपाय पाहा. आपल्याला दिसत नसेल, तर घरच्यांना पाहायला सांगा. जखम दिसली, तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठा.