कोंबडीसाठी अंडी घालण्याचे खोके

दिल्लीच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात, अंगणात चार-सहा कोंबड्या बाळगणाऱ्या घरी सकाळच्या वेळी गेल्यास एक गंमत पाहावयास मिळते. एखादी कोंबडी दाणे टिपण्याचे सोडून अस्वस्थपणे फिरू लागते. सरपणामागे डोकावते, गोवऱ्यांच्या ढिगाशी घुटमळते, परत येते आणि लांबट सुरात कुरकुरते. घरातील मंडळी म्हणतात, "हिला अंडे घालावयाचे आहे." हे बरोबरच आहे. परंतु ही अस्वस्थता पोटातील अंड्याच्या भाराने उत्पन्न होते, असे जे बहुधा समजले जाते ते खरे नाही.

अंड्याचा बलक अंडाशयातून सुटल्यापासून पूर्ण अंडे बाहेर पडेपर्यंत सुमारे 24 ते 26 तास जातात. त्यांपैकी 20 तासांच्या आसपास काळ एकट्या कवचासाठी लागतो. बलक निघून गेला म्हणजे त्याची रिकामी पिशवी अंडाशयावरच राहते. ती निरुपयोगी वाटते. परंतु एडिंबरा येथील वुड-गश व गिल्बर्ट या संशोधकांनी 1964 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ही पिशवी शस्त्रक्रियेने काढून टाकली, तेव्हा कोंबडीच्या घरटे शोधण्याच्या क्रमात स्पष्ट बिघाड झाला. उलट, बलक अंडनलिकेत न उतरता उदरपोकळीत पडला, तरी दुसऱ्या दिवशी ती कोंबडी घरट्यात जाऊन बसते. अंडे मात्र येत नाही! म्हणजे घरट्याची ओढ आदल्या दिवशीच अंडाशयात निश्चित झालेली असते आणि तिचा संदेश रक्तावाटे पोहोचतो. हिमालयाच्या पायथ्याशी आजही आढळणारी लाल रानकोंबडी झुडपाखाली जमीन उकरून अंडी घालते. अंगणातील कोंबडीची आवडही तीच आहे: आडोसा, अंधुक उजेड आणि अंगाने दाबून खोलगट करता येईल असे मऊ अंथरूण.

हे न मिळाल्यास ती मिळेल तेथे अंडे घालते. असे अंडे हरवते, विष्ठेने माखते अथवा तडकते. तडकलेल्या अंड्याची चव एका कोंबडीस लागली की अंडी फोडून खाण्याची खोड सर्व कळपात पसरण्याचा संभव असतो. ही खोड मोडणे फार कठीण. कवचात हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांवर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. मळलेले अंडे धुताना हा लेपही निघून जातो. म्हणून अंडे मुळात मळूच न देणे शहाणपणाचे. युरोपीय संघाने 2012 पासून साध्या पिंजऱ्यांत अंड्यांवरील कोंबड्या ठेवण्यास बंदी केली व पिंजऱ्यातही घरट्याची सोय असणे आवश्यक ठरविले. ज्याच्या घरी अंगण आहे, त्याला यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

दिल्लीकरास साहित्य शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आझादपूरच्या घाऊक बाजारात फळे लाकडी पेट्यांतून येतात, आणि रिकामी पेटी फळवाल्याकडे अल्प किमतीत मिळू शकते. आतून सुमारे 30 सेंटिमीटर लांब, रुंद व उंच अशी जागा एका साधारण कोंबडीस पुरते. थोराड जातीस 35 सेंटिमीटर द्यावे. पेटी आडवी करून तोंड पुढे घ्यावे व खालच्या कडेस 10 सेंटिमीटर उंचीची फळी ठोकावी, म्हणजे अंथरूण व अंडी बाहेर घरंगळत नाहीत. छप्पर चांगले उतरते करावे. सपाट छपरावर कोंबड्या रात्री बसतात व सर्व घाण करून ठेवतात. खिळ्यांची टोके आत राहिली नाहीत ना, हे हात फिरवून पाहावे. चार-पाच कोंबड्यांस एक खोके पुरते. दोन ठेवली तरी सगळ्याजणी एकाच खोक्यासाठी भांडतात, हा अनुभव पुष्कळांना येतो!

तेलाचा 15 किलोंचा चौकोनी डबा फुकट मिळतो, म्हणून अनेकांस त्याचा मोह होतो. तो टाळावा. एक तर त्याची रुंदी जेमतेम 23 सेंटिमीटर असते. दुसरे असे की मे-जूनमध्ये दिल्लीचे तापमान 45 अंशांपर्यंत चढते, तेव्हा पत्रा भट्टीसारखा तापतो. कोंबडीस घाम येत नाही. ती धापा टाकून अंग निववते. धापा टाकताना रक्तातील कार्बन डायऑक्साइड अधिक प्रमाणात बाहेर जातो, कवचास लागणारे कार्बोनेट कमी पडते आणि कवच पातळ होते. म्हणून खोके लाकडाचेच असावे, मागील बाजूस वर दोन-तीन भोके पाडावीत आणि ते पश्चिमेच्या उन्हापासून दूर, छपराखाली ठेवावे.

जमिनीपासून अर्धा मीटर उंची योग्य होय. मात्र रात्री बसण्याची दांडी त्याहून उंच हवी, कारण कोंबड्या सर्वांत उंच जागा निजण्यासाठी निवडतात. आत सात-आठ सेंटिमीटर गव्हाचे काड किंवा रंध्याचा भुसा पसरावा व मळताच बदलावा. फटींत रक्त शोषणारे बारीक किडे लपतात, म्हणून अधूनमधून पेटी उन्हात वाळवून चुन्याचा हात द्यावा. तलंगांस जागा दाखविण्यासाठी खडूचे खोटे अंडे आत ठेवले की काम भागते.

जानेवारी 2021 मध्ये दिल्लीत बदके व कावळे यांच्यात बर्ड फ्लू आढळला आणि गाझीपूरचा कोंबडीबाजार काही दिवस बंद ठेवण्यात आला. अशा वेळी रानपक्ष्यांची विष्ठा पडणार नाही अशी जागा आणि सहज जाळून टाकता येणारे अंथरूण यांचे महत्त्व कळते. मेलेल्या पक्ष्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. पशुवैद्यकीय खात्यास कळवावे.

खोके तयार झाल्यावर शाळेतील मुलांनी एक वही ठेवावी. कोणत्या कोंबडीने किती वाजता अंडे घातले, याची रोज नोंद करावी. अंडे तयार होण्यास बहुधा 24 तासांहून थोडा अधिक वेळ लागत असल्याने वेळ दररोज पुढे सरकत जाते, दुपार होते, आणि मग एक दिवस कोंबडी सुट्टी घेते. डिसेंबरात दिल्लीचा दिवस जेमतेम सव्वादहा तासांचा होतो, तेव्हा या सुट्ट्या वाढतात. जूनमध्ये तो जवळजवळ चौदा तासांचा असतो. एखादी कोंबडी अंडे न घालता दिवसभर आत बसून राहिली व हात लावताच पिसे फुलवू लागली, तर ती खुडूक झाली असे समजावे आणि वहीत तिच्यासाठी निराळे पान काढावे.