शहरातील पाणीटंचाई : प्रश्न साठ्याचा की वाटपाचा?

शहरात पाणी कमी पडू लागले की दोन कारणे तत्परतेने सांगितली जातात : पाऊस कमी झाला आणि लोकसंख्या वाढली. ही कारणे खोटी नाहीत, पण ती अपुरी आहेत. पाऊस आणि लोकसंख्या साऱ्या शहराची असेल, तर टंचाईही साऱ्या शहराला सारखीच जाणवली पाहिजे. तसे घडत नाही. एकाच रस्त्याच्या एका बाजूस मोटारी धुतल्या जातात आणि दुसऱ्या बाजूस हंडे रांगेत असतात. म्हणून पाणी किती आहे या प्रश्नाबरोबरच ते कोणापर्यंत पोहोचते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. मुंबईच्या उदाहरणावरून हे तपासून पाहू.

पाणी येते कोठून?

मुंबईचा विहार तलाव १८६० साली पुरा झाला. तुळशी १८७९ मध्ये आणि तानसा १८९२ मध्ये आला. स्वातंत्र्यानंतर मोडकसागर (१९५७), ऊर्ध्व वैतरणा (१९७३), मग भातसा आणि अलीकडे मध्य वैतरणा (२०१४) अशी भर पडत गेली. यांपैकी विहार आणि तुळशी तेवढे शहराच्या हद्दीत आहेत. बाकीचे सारे पाणी ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागातून येते. तहान वाढली की शहर पुढच्या खोऱ्यात हात घालते, हे दीडशे वर्षांचे धोरण आहे.

या धोरणाची किंमत कोण मोजतो? तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील आदिवासी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. मुंबईला जाणारे नळ त्यांच्या शिवारातून जातात, पण त्यांच्या दारात थांबत नाहीत. शहरी टंचाईची चर्चा शहराच्या वेशीवर थांबवता येत नाही, ती यासाठी.

साधा हिशेब

मुंबईला आज दररोज सुमारे ३९० कोटी लिटर पाणी पुरवले जाते. लोकसंख्या दीड कोटी धरली, तरी माणशी रोजचे २६० लिटर होतात. गळती आणि चोरी यांत तिसरा हिस्सा गेला असे समजू. तरीही माणशी १७० लिटरच्या वर पाणी उरते. कारखाने, कचेऱ्या आणि हॉटेले यांचा वाटा यातूनच जातो, हे खरे. पण महानगरपालिकेची मोजपट्टी पाहिली म्हणजे मूळ विषमता स्पष्ट होते. इमारतीत राहणाऱ्यासाठी माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्यासाठी माणशी ४५ लिटर, हे पुरवठ्याचे प्रमाण वर्षानुवर्षे चालत आले.

४५ लिटर म्हणजे किती? जुन्या पद्धतीची शौचालयाची फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटरच्या आसपास पाणी घेते. म्हणजे इमारतीतला माणूस चार-पाच वेळा साखळी ओढतो, तेवढ्या पाण्यात वस्तीतल्या माणसाने पिणे, स्वयंपाक, आंघोळ, धुणी आणि भांडी उरकायची. तहानेला वर्ग नसतो, पण तहानेच्या कोष्टकाला असतो. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेली, गावकुसाबाहेरची कितीतरी माणसे याच वस्त्यांत स्थिरावली. त्यामुळे या कोष्टकात वर्गाबरोबर जातही आपोआप बसते.

नाकारण्याच्या तीन तऱ्हा

पहिली तऱ्हा कागदाची. ठरावीक तारखेनंतर उभ्या राहिलेल्या झोपड्यांना नळजोडणी द्यायची नाही, असे धोरण राहिले. आधी १९९५ आणि मग २००० सालच्या १ जानेवारीची रेषा आखली गेली. घर बेकायदा, म्हणून त्यातील माणसाची तहानही बेकायदा, असा हा तर्क.

दुसरी तऱ्हा दाबाची. पाणी दिवसातून काही तासच सोडले जाते. मुख्य नळाच्या टोकाशी किंवा टेकडीवर असलेल्या वस्तीपर्यंत दाब पोहोचतो तोवर वेळ संपत आलेली असते. शिवाय रिकामा नळ बाहेरचे पाणी आत ओढून घेतो. वस्तीतले नळ बहुधा गटाराच्या कडेने जातात, त्यामुळे पहिले पाणी गढूळ येते आणि पोटाचे विकार घरोघर जातात.

तिसरी तऱ्हा किमतीची. दोनशे लिटरचे पिंप चाळीस रुपयांना विकत घेतले, तर हजार लिटरला दोनशे रुपये पडतात. महानगरपालिकेचा घरगुती दर हजार लिटरला काही रुपयांचा आहे. म्हणजे ज्याला कमी पाणी, त्यालाच जास्त दर. यात बाईचे श्रम आणि पाणी भरण्यासाठी शाळा बुडवणाऱ्या मुलीचे वर्ष मोजलेले नाही.

उपाय कोणते?

टंचाई म्हटली की मोठ्या योजना पुढे येतात. गारगाई धरणासाठी पालघर जिल्ह्यातील जंगल आणि आदिवासी गावे पाण्याखाली जाणार. समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प मनोरी येथे योजला गेला, पण अशा पाण्याला हजार लिटरमागे तीन-चार युनिट वीज लागते. हे उपाय कधीच नकोत असे नव्हे. पण त्यांचा क्रम शेवटचा असावा. त्याआधी करण्यासारखे बरेच आहे.

एक, गळती. प्रत्येक विभागाला येणारे पाणी आणि त्यातून वापरले जाणारे पाणी वेगवेगळे मोजल्याशिवाय ते कोठे मुरते हे कळत नाही. मोजमाप जाहीर झाले, तर असमान वाटपही उघडे पडेल.

दोन, सांडपाण्याचा पुनर्वापर. घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. ते शुद्ध करून बागा, बांधकामे, कारखाने आणि शौचालये यांना दिले, तर तेवढे पिण्याचे पाणी मोकळे होईल. मात्र येथे आपली एक अट असली पाहिजे. गटारात माणूस उतरवून हे काम होता कामा नये. २०१३ च्या कायद्याने त्याला मनाई केली आहे, तरी माणसे मरतात आणि ती कोणत्या जातींची असतात हे सांगण्याची गरज नाही.

तीन, पावसाचे पाणी. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर दोन लाख लिटर पाणी पडते. ते सारे चार महिन्यांतच येते, म्हणून साठवण्यापेक्षा विहिरी आणि कूपनलिका यांचे पुनर्भरण अधिक सोयीचे.

चार, समान प्रमाण. वरील तीन उपायांनी वाचलेले पाणी कोणाला द्यायचे हे आधी ठरले नाही, तर ते पुन्हा जुन्याच टाक्यांत जाईल. ४५ आणि १३५ हा भेद मोडणे हाच पाणीवाटपाचा पाया होय.

ठराव आणि पाणी

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली मंजूर झाला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ साल उजाडले. ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असते, हे आपल्या चळवळीला चांगले ठाऊक आहे.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितले की, पाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही. मात्र त्याच निकालाने अशा घरांना कायदेशीर घरांच्या बरोबरीने पाणी मिळालेच पाहिजे असे म्हटले नाही. २०२२ मध्ये महानगरपालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. तारखेची भिंत त्यामुळे कागदावर खाली आली, पण प्रमाणाची भिंत निकालाने हलवली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या वस्तीत एक वही ठेवावी. नळाला पाणी किती वाजता आले, किती वेळ होते, किती घरांत किती हंडे भरले, किती पैसे गेले, किती जोडणी-अर्ज पडून आहेत, हे महिनाभर लिहावे. शिक्षकांनी हाच हिशेब वर्गात गणित म्हणून सोडवून घ्यावा. टंचाई निसर्गाने केली की माणसाने, याचे उत्तर त्या वहीत आकड्यांनी मिळेल, आणि विभाग कार्यालयात मागणी मांडताना तोच आकडा बोलेल.