कादंबरीचा समाधानकारक शेवट

तंजावरहून दक्षिणेस पट्टुक्कोट्टैच्या दिशेने निघाले म्हणजे सुमारे २० किलोमीटरवर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव लागते. मराठेशाहीच्या काळात ते मुक्तांबाळपुरम् या नावाने ओळखले जाई. रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावरच्या भोसले राजांनी मार्गोमार्गी अन्नछत्रे उभारली होती. त्यांतील एक छत्र दुसरे सरफोजी राजे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी येथे बांधले. इतर अनेक छत्रांना राण्यांची नावे दिलेली असत. या छत्राला मात्र मुक्तांबाळ या स्त्रीचे नाव आहे. राजांचे तिच्यावर प्रेम होते, परंतु ती त्यांची विवाहित राणी नव्हती, असे परंपरा सांगते.

या छत्रांचा कारभार कसा चाले, याचे वर्णन सरफोजी राजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात आढळते. कोणत्याही जातीचा वा पंथाचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळे. आजाऱ्यांची शुश्रूषा होई, अनाथ मुलांना शिकविले जाई. त्या पत्रातील एक तपशील विशेष लक्षणीय आहे. मध्यरात्री छत्रात घंटा वाजविली जाई आणि ज्यांचे जेवण अद्याप व्हावयाचे असेल त्यांनी यावे, असे पुकारले जाई. ही घंटा झाल्यावरच त्या दिवसाचे अन्नदान पुरे झाले असे समजत.

कादंबरीच्या शेवटाचा विचार करताना ही घंटा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शेवटचे पान हीही एक प्रकारची मध्यरात्रीची घंटाच होय. पहिल्या पानापासून लेखकाने वाचकाच्या मनात ज्या उत्कंठा जागविल्या, त्यांपैकी एखादी उपाशी राहिली आहे काय, हे पाहण्याची ती वेळ असते. मात्र घंटेचे बोलावणे छत्रात आलेल्यांपुरतेच असते, जगातील सर्व भुकेल्यांसाठी नसते. हा भेद ज्या लेखकाला उमजला, त्याला शेवटाचे मर्म बरेचसे उमजले असे म्हणता येईल.

प्राचीनांनी या प्रश्नाचा विचार नाटकाच्या संदर्भात केला. ॲरिस्टॉटलच्या मते, जे आधीच्या घटनांतून अपरिहार्यपणे किंवा स्वाभाविकपणे उद्भवते आणि ज्याच्यापाठोपाठ आणखी काही येण्याची गरज उरत नाही, तो शेवट. भरताच्या नाट्यशास्त्रात कथानकाचे पाच संधी सांगितले आहेत. त्यांतील अखेरचा निर्वहण संधी. आरंभापासून विखुरलेली बीजे या संधीत एका प्रयोजनाकडे आणावयाची असतात. त्याच ठिकाणी अद्भुत रसाची योजना करावी, असेही शास्त्र सांगते. म्हणजे शेवट हा बीजातूनच उगवलेला असला पाहिजे आणि तरीही त्याने प्रेक्षकाला चकित केले पाहिजे. या दोन अटी परस्परविरुद्ध वाटतात, परंतु चांगल्या शेवटात त्या एकत्र नांदतात. घटना घडेपर्यंत ती तशी घडेल असे वाटत नाही, आणि घडून गेल्यावर ती दुसऱ्या कोणत्याही प्रकारे घडू शकली नसती असे वाटते.

तंजावरच्या दरबारात मराठी नाटके लिहिली गेली, त्यांना शेवटाची चिंता फारशी नव्हती. शहाजी राजांच्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या नाटकाचे नावच पाहावे. दक्षिणेत ‘कल्याण’ या शब्दाचा रूढ अर्थ विवाह असा आहे. शेवट नावातच सांगितलेला असल्यामुळे प्रेक्षकाची उत्सुकता ‘काय होणार’ याविषयी नसून ‘कसे होणार’ याविषयी असे. देवांच्या कथेत हे चालते. आरंभीच्या मराठी कादंबरीनेही हाच सोपा मार्ग पुष्कळदा पत्करला. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या १८६१ सालच्या ‘मुक्तामाला’ या कादंबरीत सद्गुणांचा जय व दुर्गुणांचा पराजय हा न्याय ठरलेलाच आहे. अशा शेवटाने वाचकाचे मन शांत होते, पण ते बहुधा नीतिपाठाने मिळालेले समाधान असते. कथेने स्वतः मिळविलेले समाधान त्याहून वेगळे असते.

प्रत्यक्ष जीवनाला आणि इतिहासाला मात्र शेवट नसतो, केवळ खंड असतो. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर सरफोजी राजांनी १८०३ साली भोसले वंशाचा मराठी इतिहास कोरविला. तो विस्तीर्ण शिलालेख राजांच्या स्वतःच्या काळापर्यंत येतो आणि थांबतो, कारण त्यापुढील काळ अजून उजाडावयाचा होता. राज्याचा कारभार १७९९ च्या तहाने इंग्रजांच्या हाती गेलेला होता. पुढे १८३२ साली सरफोजी राजे निवर्तले, आणि १८५५ साली त्यांचे पुत्र शिवाजी यांना पुत्रवारस नसल्यामुळे ते राज्यच संपले. शिलालेख वाचणाऱ्याला आज हे सारे ठाऊक असते, पण दगडाला ते ठाऊक नाही. इतिवृत्त जेथे थांबते तेथे ते संपतेच असे नाही, ते फक्त लिहावयाचे राहते. कादंबरीकाराला असे थांबता येत नाही. कोठे थांबावयाचे हे त्याला निवडावे लागते, आणि ती निवड योग्य होती हे वाचकाला पटवावे लागते.

ही निवड किती कठीण असते, याचे बोलके उदाहरण याच कावेरीकाठच्या एका लेखकाने घालून दिले आहे. ‘कल्की’ या नावाने लिहिणारे रा. कृष्णमूर्ती यांचा जन्म १८९९ साली तत्कालीन तंजावर जिल्ह्यातील मायावरम् या गावाजवळ झाला. त्यांची ‘पोन्नियिन् सेल्वन्’ ही प्रचंड कादंबरी ‘कल्की’ साप्ताहिकात १९५० ते १९५४ अशी सुमारे साडेतीन वर्षे क्रमशः प्रसिद्ध होत होती. पोन्नी म्हणजे कावेरी. कावेरीचा हा पुत्र म्हणजे चोळ राजपुत्र अरुळ्मोळिवर्मन्, जो पुढे राजराज या नावाने विख्यात झाला आणि ज्याने १०१० च्या सुमारास बृहदीश्वर मंदिर पूर्ण केले. वृद्ध व रुग्ण राजा सुंदर चोळ याच्यानंतर सिंहासनावर कोण बसणार, या प्रश्नाभोवती कादंबरीचे पाच भाग गुंफलेले आहेत. थोरला राजपुत्र आदित्य करिकालन् मारला जातो. सैन्य आणि प्रजा यांचा ओढा धाकट्याकडे आहे. राज्याभिषेकाची वेळ येते, आणि अरुळ्मोळि तो मुकुट आपल्या चुलत्याच्या, म्हणजे उत्तम चोळाच्या मस्तकावर ठेवतो.

हा शेवट कल्कींच्या पदरचा नाही. तिरुवालंगाडु येथील ताम्रपटात असा उल्लेख आहे की, चुलत्याला राज्याची इच्छा आहे तोवर आपण ते स्वीकारणार नाही, अशी अरुळ्मोळिवर्मन् याची भूमिका होती. उत्तम चोळानंतर ९८५ साली तो गादीवर आला. इतिहासातील ही घटना ज्या वाचकांना माहीत होती, त्यांनाही कादंबरीच्या शेवटाने हलविले, कारण लेखकाने प्रश्नच बदलून टाकला होता. ‘राज्य कोणाला मिळेल’ या प्रश्नाने सुरू झालेली कथा ‘राज्य सोडण्याइतका मोठा कोण’ या प्रश्नावर येऊन पोचते. दुसरा प्रश्न पहिल्याच्या पोटात आरंभापासून होता. तो उघड झाला तेव्हा वाचकाला आश्चर्यही वाटले आणि पटलेही. निर्वहणाच्या दोन्ही अटी येथे पुऱ्या झाल्या.

तथापि वाचकांचे पूर्ण समाधान झाले नाही. मुख्य प्रश्न सुटला होता, पण साडेतीन वर्षे आठवड्यामागून आठवडा ज्यांच्या सहवासात घालविली, त्या माणसांचे पुढे काय झाले? वंदियदेवन् या तरुण वीराचा आणि राजकन्या कुंदवै हिचा विवाह झाला की नाही? नंदिनी कोठे गेली? कादंबरी तर मणिमेखलै या निरपराध मुलीच्या मृत्यूच्या करुण प्रसंगावर संपली होती. कथा एकाएकी आटोपली, अशी अनेकांची तक्रार होती. कल्कींनी तिची दखल घेतली आणि उपसंहार लिहिला. त्यात त्यांनी सामाजिक आणि ऐतिहासिक कादंबरी यांतील भेद स्पष्ट केला. कल्पित माणसांची कहाणी लेखकाला हवी तेथे मिटविता येते, परंतु इतिहासातील माणसांचे जीवन कादंबरीनंतरही चालूच राहते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. त्यानंतर त्यांनी पात्रागणिक पुढील वृत्तान्त थोडक्यात सांगितला. मध्यरात्रीची घंटा होऊन गेल्यावर काही पाहुणे जेवावयाचे राहिले असल्याचे कळले, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघर पुन्हा उघडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांचे निधन झाले.

या प्रसंगात चूक कोणाची, हे ठरविण्यापेक्षा त्यातून काय निष्पन्न होते ते पाहणे अधिक उपयुक्त ठरेल. वाचकांनी ज्यांच्याविषयी विचारले ती पात्रे लेखकानेच त्यांच्या जिव्हाळ्याची केली होती. वंदियदेवन् तर पहिल्या पानापासून वाचकाचा सोबती आहे. कथा त्याच्या घोड्यावरून सुरू होते. अशा पात्राचे भवितव्य अधांतरी राहिले तर वाचकाला आपण फसविले गेलो असे वाटणे स्वाभाविक आहे. याउलट आदित्य करिकालन् याचा घात नेमका कोणाच्या हातून झाला, हे कादंबरीत अखेरपर्यंत संदिग्ध राहते. उडैयार्गुडी येथील शिलालेखात या वधाबद्दल ज्यांची मालमत्ता जप्त झाली त्यांची नावे आहेत, परंतु त्यामागील संपूर्ण हकीकत नाही. कल्कींनी ती उणीव भरून काढली नाही. त्या रात्रीचा अंधार त्यांनी तसाच राहू दिला, आणि अनेकांना वाटणारी अपराधाची टोचणी हाच त्या घटनेचा आशय केला. हा प्रश्न अनुत्तरित असूनही कादंबरी अपुरी वाटत नाही. लेखक विसरला म्हणून राहिलेला प्रश्न आणि त्याने जाणूनबुजून राखलेला प्रश्न यांतील अंतर वाचकाला अचूक कळते.

आनंदी शेवट म्हणजेच समाधानकारक शेवट, हा समजही येथे तपासून पाहिला पाहिजे. चार्ल्स डिकन्स याने ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचा प्रथम लिहिलेला शेवट नायक-नायिकेच्या कायमच्या ताटातुटीचा होता. बुल्वर-लिटन या लेखकमित्राच्या सल्ल्यावरून त्याने तो बदलला, आणि १८६१ साली वाचकांच्या हाती पडलेल्या शेवटात मीलनाची आशा डोकावली. मूळ शेवट पुढे त्याच्या चरित्रातून उजेडात आला, आणि दोहोंपैकी खरा कोणता, हा वाद आजतागायत चालू आहे. मूळ शेवटाचे पक्षपाती असे म्हणतात की, खोट्या अपेक्षांतून सावध होणाऱ्या माणसाची ही कहाणी आहे, म्हणून तिच्या अखेरीस त्याच्या पदरात नवी अपेक्षा टाकणे विसंगत आहे. बदललेल्या शेवटाचे समर्थक म्हणतात की, इतके दुःख सोसून मृदू झालेल्या दोन जीवांना ही भेट अनपेक्षित नाही. दोन्ही पक्ष सुखदुःखाच्या कसोटीवर वाद घालीत नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आरंभापासून कथा ज्या दिशेने चालली, त्या दिशेशी कोणता शेवट इमान राखतो, हाच त्यांच्यातील प्रश्न आहे.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात येऊ लागली. यमूच्या आत्मकथनाला सुखाचा शेवट नाही. वैधव्य आणि जबरीचे केशवपन यांतून तिची सुटका होत नाही. लेखकाने कृपाळू होऊन अखेरीस तिला सुखी केले असते, तर वाचकाने सुस्कारा टाकून पुस्तक मिटले असते आणि शीर्षकातील प्रश्न तेथेच विरून गेला असता. आपट्यांनी तो विरू दिला नाही. कथा संपली, परंतु तिने विचारलेला प्रश्न वाचकाच्या घरी मुक्कामाला आला. अशा शेवटाने मन अस्वस्थ होते, आणि तरीही याहून वेगळे काही हवे होते असे वाटत नाही. समाधान या शब्दाचा साहित्यातील अर्थ हा आहे. ते मनाला मिळणारे सुख नसून पूर्णतेची प्रतीती असते.

तेव्हा कादंबरीकाराला अखेरच्या प्रकरणाशी येऊन शेवट शोधता येत नाही. तो पहिल्या प्रकरणातच ठरू लागलेला असतो, कारण कोणाला छत्रात घ्यावयाचे हे तेथेच ठरते. ज्याला दारातून आत घेतले, त्याच्या पानाची व्यवस्था लेखकावर येते. जो रस्त्याने नुसता जाताना दिसला, त्याची येत नाही. आणि जेवण झाल्यावर यात्रेकरूला छत्रात राहावयाचे नसते. ओरत्तनाडूच्या छत्रात रात्र काढणाऱ्याला पहाटे पुढची वाट धरावी लागे, कारण त्याचे रामेश्वर अजून दूर असे. चांगल्या कादंबरीचा वाचकही असाच तृप्त होऊन उठतो, आणि त्याची वाट त्याच्यापुढे तशीच असते.