कुंपणाची डागडुजी आधी

‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण आपण सहसा माणसांविषयी वापरतो. राखणीला ठेवलेल्यानेच चोरी केली की ती हमखास आठवते. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या जगातही या म्हणीची आठवण व्हावी असे प्रसंग घडले आहेत. फरक एवढाच की, तिथे कुंपणाची नियत फिरली नव्हती. त्याला भगदाड पडले होते आणि ते वेळेत बुजवले गेले नव्हते. अशा दोन प्रसंगांची ही माहिती आहे. संगणकाशी केवळ टंकलेखनापुरता संबंध असणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

बँक, विद्यापीठ किंवा मोठे इस्पितळ अशा संस्थेत शेकडो, क्वचित हजारो संगणक असतात. प्रत्येकापुढे बसून नवी आज्ञावली बसवणे, जुनी काढणे, परवलीचे शब्द बदलणे हे माणसांच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. म्हणून या कामासाठीच वेगळ्या प्रणाली तयार झाल्या. एका मुख्य संगणकावरून हुकूम सोडायचा आणि तो बाकीच्या सर्वांनी एकाच वेळी पाळायचा, अशी त्यांची रीत असते. मोठ्या वाड्यात सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या एका कारभाऱ्याच्या कमरेला असाव्यात, तसे हे आहे. सोय मोठी, पण कारभाऱ्याचा जुडगा कुणी पळवला तर वाड्यातले एकही कुलूप कामाचे उरत नाही.

‘सॉल्ट’ ही अशीच एक प्रणाली. थॉमस हॅच यांनी २०११ मध्ये ती लोकांपुढे आणली. तिच्यात हुकूम देणाऱ्या संगणकाला ‘मास्टर’ आणि तो पाळणाऱ्या प्रत्येक संगणकाला ‘मिनियन’, म्हणजे हुकमाचा ताबेदार, म्हणतात. मास्टरचा शब्द मिनियनसाठी अखेरचा. तो फाइल पुसायला सांगेल तर मिनियन ती पुसतो. ‘का’ असे विचारत नाही.

मार्च २०२० मध्ये एफ-सिक्युअर या फिनलंडच्या कंपनीतील अभ्यासकांना सॉल्टमध्ये दोन गंभीर उणिवा आढळल्या. त्यांतली मोठी उणीव एका कचेरीच्या उदाहरणाने समजून घेता येईल. कचेरीच्या दारात चौकशीची खिडकी असते. ओळखपत्र न दाखवताही तिथे काही साधे प्रश्न विचारता येतात आणि ते योग्यच आहे, कारण नव्या माणसाला आधी कुठेतरी बोलता आलेच पाहिजे. मास्टरवरही अशी खिडकी होती. पण त्या खिडकीवर कोणती कामे सांगता येतील याची यादीच कुणी लावलेली नव्हती. त्यामुळे कचेरीच्या आतल्या माणसांसाठी राखलेली कामेही बाहेरचा माणूस तिथे सांगू शकत होता. त्यांपैकी एका कामाचे उत्तर म्हणून चक्क मुख्य किल्ली हाती पडत असे. दुसऱ्या एका कामामुळे सर्व मिनियनांना परस्पर हुकूम सोडता येत असे. परवलीचा शब्द चोरण्याचीही गरज नव्हती.

दुरुस्ती मात्र साधी होती. खिडकीवर कोणती कामे चालतील याची स्पष्ट यादी लिहायची आणि यादीबाहेरचे काम सांगणाऱ्याला परत पाठवायचे. २९ एप्रिल २०२० रोजी सॉल्टच्या निर्मात्यांनी दुरुस्त आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, एफ-सिक्युअरने उणिवेची माहिती जाहीर केली. इंटरनेटवरून थेट पोहोचता येतील असे सहा हजारांहून अधिक मास्टर त्यांना आढळले होते. हल्ला कसा करायचा याचा नमुना त्यांनी मुद्दाम दिला नाही, मात्र जाणकाराला तो चोवीस तासांच्या आत तयार करता येईल, असा इशारा दिला.

इशारा खरा ठरला. त्याच शनिवार-रविवारी, म्हणजे २ आणि ३ मे रोजी, हल्ले झाले. मोबाइलसाठी मुक्त प्रणाली बनवणाऱ्या लिनिएज-ओएस प्रकल्पाचे संगणक बंद ठेवावे लागले. लेखक-प्रकाशकांना संकेतस्थळे चालवून देणाऱ्या ‘घोस्ट’ या संस्थेच्या यंत्रणेत हल्लेखोर घुसले आणि तिच्या संगणकांना आभासी चलन ‘खणण्याच्या’ कामाला जुंपू लागले. यंत्रांवरचा भार एकाएकी वाढला, म्हणून तर चोरी लक्षात आली. संकेतस्थळांना ओळखीचे दाखले देणाऱ्या डिजिसर्ट या कंपनीला आपली एक नोंदवही कायमची थांबवावी लागली, कारण तिच्यावर सही करणारी किल्ली हल्लेखोरांच्या हाती गेली असण्याची शक्यता होती. यांपैकी कोणतीही संस्था संगणकाच्या बाबतीत अडाणी नव्हती. दुरुस्ती उपलब्ध होती. ती प्रसिद्ध होणे आणि हल्ला होणे यांत जेमतेम तीन-चार दिवसांचे अंतर होते आणि त्यातच शनिवार-रविवार आला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. दुरुस्तीची घोषणा हीच उणिवेचीही घोषणा असते. आज्ञावलीची जुनी आणि नवी प्रत शेजारी-शेजारी ठेवली की नेमकी कोणती ओळ बदलली ते दिसते, आणि भिंतीला नवा गिलावा कुठे आहे यावरून भगदाड कुठे होते ते कळते. ज्याने दुरुस्ती केली तो सुरक्षित होतो. ज्याने केली नाही तो कालच्यापेक्षा आज अधिक धोक्यात येतो. म्हणजे ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणणारा माणूस आहे तिथेच उभा राहत नाही, मागे पडतो.

मग लोक थांबतात का? केवळ आळस हे त्याचे उत्तर नाही. दुरुस्तीने चालू काम बिघडण्याची भीती असते आणि ती निराधार नसते. घाईने केलेल्या दुरुस्तीची पुन्हा दुरुस्ती करावी लागल्याचे अनुभव पुष्कळांच्या गाठीशी असतात. आधी एका संगणकावर चाचणी घ्यायची, जुन्या स्थितीची प्रत काढून ठेवायची, काम कमी असेल अशी वेळ ठरवायची, यात दिवस जातात. शिवाय व्यवस्थापनाची प्रणाली पडद्याआड असते. सर्वांच्या संगणकांची दुरुस्ती तिच्यामार्फत होते, पण तिचीही दुरुस्ती करायची असते हे कुणाच्या यादीत नसते. खरे तर यादीत तिचे नाव पहिले हवे.

दुरुस्ती लवकर केली की सगळे भागले, असेही नाही. दुसरा प्रसंग तेच सांगतो. कसेया या कंपनीची ‘व्हीएसए’ ही प्रणाली वापरून सेवा-पुरवठादार आपल्या ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळत. एप्रिल २०२१ मध्ये नेदरलँड्समधील स्वयंसेवी अभ्यासकांनी तिच्यातल्या उणिवा कंपनीला कळवल्या. कंपनीने दखल घेतली, काही उणिवा दूर केल्या, उरलेल्यांवर काम चालू होते. तेवढ्यात २ जुलैला, अमेरिकेतल्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावर, खंडणीखोरांच्या रेव्हिल या टोळीने हल्ला केला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे तिचे थेट ग्राहक साठाहून कमीच सापडले, पण त्यांच्यामार्फत झळ पोहोचलेल्या व्यवसायांची संख्या दीड हजारापर्यंत गेली. स्वीडनमध्ये कूप या दुकानसाखळीची गल्लायंत्रे बंद पडल्याने सुमारे आठशे दुकानांना टाळे लागले. पूर्ण दुरुस्ती ११ जुलैला आली. तोवर एकच उपाय होता: ती प्रणाली बंद ठेवणे.

म्हणून दुसरे कुंपणही हवे. हुकूम देणारा संगणक इंटरनेटवर उघडा नसावा. ठरावीक ठिकाणांहूनच त्याच्याशी बोलता यावे. ज्याने सॉल्टचा मास्टर असा आडोशाला ठेवला होता, त्याच्यापर्यंत बाहेरच्या हल्लेखोराला सहजी पोहोचता आले नसते. आणि ज्या संगणकांवर हुकूम चालतो, त्यांच्यातील मजकुराची एक प्रत त्या हुकमाच्या कक्षेबाहेर असावी. जुडगा हरवला तरी ती पेटी उघडता कामा नये.

आता शब्दाविषयी. इंग्रजीतला ‘पॅच’ म्हणजे ठिगळ. सुरुवातीच्या संगणकांत सूचना कागदी पट्टीवर भोके पाडून लिहीत. चूक झाली की त्या भोकावर खरोखरच कागदाचा तुकडा चिकटवत. मराठीत ‘ठिगळ’ म्हटले की गरिबी, तात्पुरतेपणा आणि थोडी लाज डोळ्यांपुढे येते, आणि या कामाकडे पाहण्याची आपली वृत्तीही नेमकी तशीच आहे. मला इथे ‘डागडुजी’ हा शब्द जवळचा वाटतो. पावसाळ्याआधी कौले शाकारतात, बांध सावरतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. ते घर टिकवण्याचे वार्षिक काम असते. संगणकाच्या बाबतीत पावसाळा मात्र बारमाही आहे.

शाळा, ग्रंथालये आणि साहित्यसंस्था यांच्याकडे आता हस्तलिखितांच्या छायाप्रती, ध्वनिमुद्रणे, शब्दकोशांच्या नोंदी आणि विद्यार्थ्यांचे निकाल संगणकांतच असतात. ते संगणक बहुधा बाहेरचा कुणी कंत्राटदार दुरून सांभाळतो. त्याला चार प्रश्न विचारण्यासाठी तंत्रज्ञ असावे लागत नाही. आमच्या संगणकांवर कोणत्या प्रणालीतून हुकूम चालतो? तिची शेवटची डागडुजी कोणत्या तारखेला झाली? ती बाहेरून कुणालाही दिसते का? आणि आमच्या मजकुराची प्रत तिच्या हाताबाहेर कुठे ठेवली आहे? उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि खाली तारीख घालावी. कुंपणाकडे वर्षातून एकदा तरी स्वतः चालत जाऊन पाहावे, ही शेतकऱ्याची जुनीच रीत आहे.