थांबण्याची ताकद : जुन्या मोटारीच्या पुढच्या चाकांविषयी

मोटारीचे ब्रेक आणि स्टिअरिंग हा विषय गॅरेजात शोभणारा आहे, व्याख्यानमालेत तो कशाला, असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु ज्या प्रश्नावर माणसाचे जगणे-मरणे अवलंबून आहे, तो सभागृहात यायला हरकत नसावी. जळगाव-धुळ्याकडे अलीकडे एक हौस दिसू लागली आहे. आजोबांच्या वेळची फियाट किंवा अँबेसेडर पडवीतून नाहीतर मळ्यातल्या शेडमधून बाहेर काढायची, तिला नवा रंग द्यायचा आणि घरच्या लग्नाची वरात तिच्यातून काढायची. हौस वाईट नाही. जुन्या वस्तूची कदर करणारा माणूस ती घडवणाऱ्या हातांचीही कदर करतो. पण गाडीचा मालक गॅरेजात आला म्हणजे प्रथम रंगाचे विचारतो, मग इंजिनाचे, मग एसीचे. "ही गाडी थांबेल कशी ?" असे विचारणारे फार थोडे. आमचे म्हणणे थोडक्यात इतकेच, की जुन्या गाडीची सुधारणा या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करावी; आणि ब्रेक, स्टिअरिंग व पुढचे सस्पेन्शन ही तीन कामे वेगवेगळी न मानता एकच काम मानावे.

आधी या गाड्यांची ओळख करून घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही गाडी तयार होत असे. १९६४ मध्ये तिचा 'डिलाइट' हा नमुना आला, आणि १९७४ पासून तीच गाडी 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली ही गाडी ३० ऑक्टोबर २०२३ पासून टॅक्सी म्हणून तिथल्या रस्त्यांवरून गेली. दुसरी गाडी अँबेसेडर. मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीवर बेतलेली ही गाडी हिंदुस्थान मोटर्सने कलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे २०१४ पर्यंत बनवली. फियाटच्या पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंग. अँबेसेडरला त्याऐवजी टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन भार झेलणारी पोलादी कांब. फियाटचे स्टिअरिंग वर्म आणि रोलरच्या पेटीचे, तर अँबेसेडरचे रॅक आणि पिनियनचे. ब्रेक मात्र दोन्हींना मुळात चारही चाकांवर ड्रमचेच होते. ज्या वेगासाठी आणि ज्या रस्त्यांसाठी त्या घडवल्या, त्यांना ते पुरे पडत. आज वेग बदलला आहे, रस्ता बदलला आहे आणि पुढे धावणाऱ्या गाडीचे ब्रेकही बदलले आहेत. नवी गाडी जिथे थांबते, तिथे मागची जुनी गाडी थांबत नाही.

ब्रेक म्हणजे नेमके काय ? भरलेली बैलगाडी उतारावर आली की सगळा लोट बैलांच्या मानेवर येतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. चाकाला लाकडाचा ठोकळा घासत ठेवला, तर तो लोट लाकडावर जातो आणि लाकूड तापते. ब्रेकचे सारे शास्त्र एवढ्यात आहे. गतीची उष्णता करायची आणि ती उष्णता हवेत सोडायची. ही उष्णता किती, याचा हिशेब सोपा आहे. वेग दुप्पट झाला की गतीतील शक्ती चौपट होते. १००० किलो वजनाची गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असेल, तर थांबताना सुमारे ६२ किलोज्यूल उष्णता तयार होते. ८० च्या वेगाला ती सुमारे २४७ होते. आता तीच गाडी ३०० मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरली असे धरा. वारा आणि टायर यांनी खाल्लेली शक्ती सोडून दिली, तर सुमारे २९४० किलोज्यूल उष्णता ब्रेकना पचवावी लागते. म्हणजे ८० च्या वेगावरून लागोपाठ बारा वेळा गाडी थांबवण्याइतकी ! धुळ्याहून चाळीसगावमार्गे संभाजीनगरकडे निघालेल्या माणसाला कन्नडचा घाट चुकत नाही, आणि उत्तरेकडे पळासनेरच्या पुढे बिजासनचा घाट उभाच आहे. ४ जुलै २०२३ रोजी मुंबई-आग्रा रस्त्यावर पळासनेरजवळ एक कंटेनर रस्त्यालगतच्या हॉटेलात घुसला आणि किमान दहा माणसे दगावली. ब्रेक निकामी झाल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ती जुनी मोटार नव्हती, हे खरे. पण उताराचा कायदा सर्व गाड्यांना सारखाच लागू आहे.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर लावलेले दोन शू आतून बाहेर दाबले जातात. ड्रम तापला की तो फुगतो आणि शूपासून दूर जातो. पेडल खाली खाली जाते. लायनरची पकडही उष्णतेने कमी होते. शिवाय सगळे बंदिस्त असल्याने उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. डिस्क ब्रेकमध्ये उघडी तबकडी दोन पॅडांच्या चिमट्यात धरली जाते. तिला वारा लागतो, पाणी फेकले जाते आणि ती तापून जाड झाली तरी पॅडकडेच सरकते. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. म्हणून पुढे डिस्क आणि मागे ड्रम ही जोडणी शहाणपणाची ठरली. खुद्द अँबेसेडरच्या नंतरच्या काही नमुन्यांना कंपनीनेच पुढे डिस्क दिले होते.

परंतु डिस्क बसवली म्हणजे काम झाले असे नव्हे. ड्रमचा एक शू फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आत ओढला जातो आणि पायाला मदत करतो. डिस्कमध्ये ही मदत नाही. म्हणून बूस्टर लागतो. पेट्रोल इंजिन बूस्टरला लागणारी पोकळी स्वतः पुरवते. डिझेल इंजिन असेल तर वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. हे विसरले तर पेडल दगडासारखे कडक होते. कॅलिपरला ब्रेक ऑइल जास्त लागते, म्हणून मास्टर सिलेंडर त्या मापाचा हवा. तो बदलतानाच दोन कप्प्यांचा घ्यावा. जुन्या एककप्पी सिलेंडरात एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. दोन कप्प्यांत निदान एक जोडी शिल्लक राहते. मागच्या ड्रमकडे जाणारा दाब कमी ठेवणारा व्हॉल्व्हही लागतो. नाहीतर बूस्टरच्या जोराने हलकी झालेली मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी भोवंडते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते. डॉट ३ प्रतीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल शिरल्यावर ती मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. उकळले की वाफ होते, वाफ दबते आणि पेडल तळाला जाते. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. तिथे दोन वर्षांचे जुने ऑइल ठेवणे म्हणजे काटकसर नव्हे.

आता तिन्ही कामे एकच का, ते पाहू. ब्रेकने चाक धरले की तो सगळा झटका कॅलिपर, स्टब अॅक्सल, बॉल जॉइंट, सस्पेन्शनचे हात आणि त्यांचे बुश या वाटेने बॉडीपर्यंत पोहोचतो. बुश झिजलेले असतील तर चाक मागे ओढले जाते आणि स्टिअरिंग आपोआप वळते. कमकुवत ब्रेकमध्ये हा दोष झाकून जातो. ताकदवान ब्रेक तो उघडा पाडतो, आणि तोही नेमका संकटाच्या क्षणी. ज्या गाडीचे बुश चाळीस वर्षे बदललेले नाहीत, तिला आधी डिस्क बसवणे म्हणजे कच्च्या भिंतीवर लोखंडी तुळई टाकणे होय.

स्टिअरिंगमध्ये 'प्ले' असला की पुष्कळ ठिकाणी पेटीचा स्क्रू आवळतात. पण वर्मची झीज मध्यभागी जास्त आणि कडेला कमी असते. मध्याचा प्ले जाईपर्यंत आवळले, की वळणावर स्टिअरिंग अडकते. आधी टाय रॉड एंड, आयडलर आर्म आणि बेअरिंग पाहावे. पेटीला हात शेवटी लावावा. फियाटला दुसऱ्या गाडीची रॅक बसवण्याचा मोह काहींना होतो. सस्पेन्शनचे हात वर-खाली होताना एक कमान आखतात. रॅकचे टोक त्या कमानीशी जुळले नाही, तर प्रत्येक खड्ड्यात चाक स्वतःहून वळते. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगने हाताचे कष्ट वाचतात. झिजलेल्या सांध्यांचा प्ले मात्र त्याने जात नाही, केवळ हाताला जाणवेनासा होतो. आणि न जाणवणारा दोष अधिक धोक्याचा.

सस्पेन्शनबाबत तीन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. गाडी बुटकी दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापू नयेत. गॅसच्या ज्योतीने स्प्रिंग तापवून बसवू नये, कारण पोलादाचे पाणी उतरते. आणि डाव्या-उजव्या टॉर्शन बारची अदलाबदल करू नये, कारण प्रत्येक कांब एकाच दिशेच्या पिळासाठी तयार केलेली असते. स्टिअरिंगच्या किंवा ब्रेकच्या कोणत्याही हाताला वेल्डिंग करू नये, हेही याच्याच जोडीला. तेव्हा कामाचा क्रम असा : प्रथम बुश, बॉल जॉइंट, बेअरिंग आणि शॉकअप, मग स्टिअरिंगचे सांधे, मग ब्रेक, मग चांगले टायर आणि अलाइनमेंट. इंजिनाची ताकद वाढवायची असेलच, तर ती सर्वांत शेवटी.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी होते. तीत चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचे असावे लागतात आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. म्हणून काम काढण्यापूर्वी परिवहन कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी विचारावे, आणि काढलेले मूळ भाग जपून ठेवावेत.

शेवटी, ज्याच्यासाठी आम्ही हा विषय मुद्दाम घेतला, त्या मिस्त्रीविषयी. जुन्या लायनरांत अॅस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून हवेच्या पाइपने धूळ उडवण्याची गॅरेजांत सवय आहे. ते तंतू फुप्फुसात रुततात आणि रोग वीस-तीस वर्षांनी उगवतो. तेव्हा ना मालक आठवतो, ना गाडी. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अॅस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पण गॅरेजातल्या पोराला हजेरीपत्रक नाही, तिथे हक्क कोण मागणार ? धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी, नाकावर योग्य मास्क असावा. याला खर्च किती येतो? दुसरी गोष्ट : 'लवकर करून दे, स्वस्तात करून दे' म्हणणारे आपणच, आणि ब्रेक लागला नाही की दोष मिस्त्रीचा. "हे काम मी असे अर्धवट करणार नाही," असे म्हणण्याचा अधिकार आणि त्या कामाची पुरी मजुरी त्याला दिली पाहिजे. तो अधिकार हाही गाडीच्या सुरक्षेचाच एक भाग आहे.

भुसावळच्या रेल्वे कामगारांना ही गोष्ट नवी नाही. व्हॅक्यूम ब्रेकला बाहेरच्या हवेच्या दाबाची मर्यादा होती. लांब आणि जड गाड्या जोरात पळवायच्या, म्हणून पाच किलो दाबाचा हवेचा ब्रेक आला. वेग वाढवायचा तर आधी ब्रेक वाढवावा लागतो, ही शिस्त रेल्वेने पाळली म्हणून आपण डब्यात निर्धास्त झोपतो. घरच्या मोटारीलाही तीच शिस्त लावावी. वरातीत गाडी किती चमकली हे चार दिवस लोक बोलतात. ती वेळेवर थांबली हे कुणी बोलत नाही, कारण तेव्हा बोलण्यासारखे काही घडलेलेच नसते. तसे काही न घडावे, यातच मिस्त्रीची कारागिरी आहे.