कीड न लागणारे भात कसे तयार होते?

खानदेशातून सुरतेत नव्याने आलेल्या माणसाला 'डांगर' म्हटले की भोपळा आठवतो. इथे डांगर म्हणजे शेतातले भात. ओलपाडकडे कालव्याच्या पाण्यावर ते खरिपात होते, उन्हाळ्यातही होते. शिवाय आपल्या मंडळातल्या बऱ्याच कुटुंबांची गावाकडे, नवापूरपासून कोकणापर्यंत, भातखाचरे आहेत. म्हणून हा विषय घेतला.

आम्ही बँकेत होतो तेव्हा पीककर्जाच्या अर्जात बियाणे, खत, मजुरी यांचे आकडे साधारण ठरलेले असत. बेभरवशाचा आकडा औषधाचा. तपकिरी तुडतुडे (इथले शेतकरी त्यांना 'चूसियां' म्हणतात) बुंध्याशी बसून रस शोषतात आणि हिरव्या शेतात जळल्यासारखे गोल चट्टे पडतात. फवारणी वाढवावी तर तुडतुडे खाणारे कोळीच आधी मरतात आणि कीड दुप्पट जोराने परत येते. याच अनुभवावरून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली.

दुसरा मार्ग म्हणजे बियाण्यातच प्रतिकार आणणे. तो कोणत्या वाणात आहे हे आधी शोधावे लागते. ट्रेमध्ये वेगवेगळ्या वाणांची रोपे ओळीने लावतात, त्यांच्यात 'तायचुंग नेटिव्ह-१' हा किडीला हमखास बळी पडणारा वाणही असतो. मग तुडतुड्यांची पिल्ले सोडतात. तायचुंगची रोपे वाळून गेली की बाकीच्या ओळी पाहायच्या आणि ० ते ९ गुण द्यायचे. इथे कमी गुण मिळवणारा हुशार! केरळातल्या पट्टांबीचा 'पीटीबी-३३' हा अशा परीक्षेतला जुना, नावाजलेला विद्यार्थी.

प्रतिकार सापडला की संकर. भाताच्या एकाच फुलात नर आणि मादी भाग असतात, त्यामुळे फूल उमलण्याआधी चिमट्याने पुंकेसर काढून दुसऱ्या वाणाचा पराग टाकावा लागतो. पुढे पिढ्यान्‌पिढ्या निवड. त्यानंतर १९६५ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारतीय भात प्रकल्पाच्या केंद्रांवर चाचण्या होतात. आपल्या जवळचे केंद्र नवसारी, महाराष्ट्रात कर्जत, साकोली वगैरे. इतकी केंद्रे लागतात, कारण कीड सगळीकडे एकसारखी नसते. गादमाशी डोळ्यांना सारखीच दिसते, पण एका जिल्ह्यात तिला दाद न देणारे भात दुसरीकडे चंदेरी पोंग्यांनी भरून जाते.

आणि कीड शिकते. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये 'आयआर-२६' आणला. तुडतुड्यांना रोखणारे एक जनुक त्यात होते. दोन-तीन वर्षांतच तुडतुड्यांनी त्यावर मात केली. मग १९७६ मध्ये वेगळे जनुक असलेला 'आयआर-३६' आला.

बँकेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, एक मॅनेजरकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. एकट्याला ती उघडता येत नाही. भाताचेही आता तसेच करतात. हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीत कडा करप्याला रोखणारी तीन जनुके एकत्र आणली आणि 'इम्प्रूव्हड सांबा मसुरी' २००८ मध्ये प्रसारित झाला. तिन्ही कुलपे एकदम उघडणे जिवाणूला फार अवघड. प्रत्येक पिढीचा पुन्हा मूळ सांबा मसुरीशीच संकर केल्यामुळे दाणा आणि चव तीच राहिली. आमच्या मते हे निम्मे यश आहे. कीड लागत नाही पण भात चिकट होतो, असा तांदूळ तुम्ही-आम्ही विकत घेणार नाही, मग शेतकरी तो लावील कशाला? हा जीएम तांदूळ नव्हे. भाताची जनुके संकराने भातातच आणली आहेत.

ही जनुके कधी कधी रानातून येतात. सांबा मसुरीतल्या तिघांपैकी एक आफ्रिकेतल्या रानभाताचे आहे. तुडतुड्यांमार्फत पसरून भाताला गवतासारखे खुरटवणाऱ्या एका विषाणूसाठी सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. टिकला तो उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या 'ओरायझा निवारा'चा एक नमुना. हे नाव संस्कृतातल्या नीवारावरून, म्हणजे आपला देवभात. ऋषिपंचमीला न नांगरलेल्या जमिनीतले खायचे म्हणून आपल्या आज्या तो शोधून आणत. तळ्याकाठचे असले रान साफ करून टाकण्याआधी दहादा विचार व्हावा, असे आम्हांला वाटते.

गावाकडे बियाणे घेताना पिशवीवर नुसते 'रोगप्रतिकारक' लिहिले असेल, तर कोणत्या रोगाला आणि कोणत्या किडीला ते विचारा. करप्याला टिकणारे वाण तुडतुड्यांना टिकेलच असे नाही. आणि खोडकिड्याला पूर्ण दाद न देणारे वाण अजून हाती आलेले नाही. त्याच्यासाठी कामगंध सापळे लावणे आणि कापणीनंतर धसकटे नांगरून काढणे, हेच चालू ठेवावे लागते.